खाचर, बांध आणि डोह

भाताची आवणी आटोपली की कर्जत तालुक्याचा पूर्वेकडचा सखल भाग, कडावपासून कशेळ्यापर्यंत आणि पुढे खांडसच्या डोंगरपायथ्यापर्यंत, वीतभर पाण्याखाली जातो. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा पाऊस बांधाबांधात अडतो, एका खाचरातून दुसऱ्यात उतरतो, ओहोळाला मिळतो आणि अखेर चिल्लार, पेज, उल्हास या नद्यांच्या वाटेला लागतो. पावसाळाभर इथे इतके उथळ, उबदार आणि अन्नाने भरलेले पाणी उभे असते की जीवशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर या भूभागाला पाणथळच म्हणावे लागेल. कायदा मात्र तसे म्हणत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी व्याख्येतून नदीपात्रे वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आणि भातशेतीही वगळली. इस्रोच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांची नोंद आहे. कशेळ्याच्या ओहोळातला एखादा डोह त्या मापात कधीच बसणार नाही. दुसरीकडे, ज्या रामसर कराराचा भारत १९८२ पासून सदस्य आहे, त्याच कराराच्या २००८ साली दक्षिण कोरियात चांगवॉन येथे भरलेल्या परिषदेने भातखाचरांना पाणथळ परिसंस्था म्हणून मान्यता देणारा ठराव केला. आपल्या नियमांनी भातशेती का वगळली हे समजण्यासारखे आहे. खाचर ही शेतकऱ्याची खासगी, पोटापाण्याची जमीन. ती पाणथळ म्हणून घोषित झाली तर बांध दुरुस्त करायलाही परवानगी काढावी लागेल, ही भीती रास्तच आहे. पण या वगळण्याचा परिणाम असा झाला की ज्या जिवांचे सगळे आयुष्य खाचर, बांध आणि डोह यांच्यात वाटले गेले आहे, त्यांच्यासाठी आपल्या संरक्षणव्यवस्थेत जागाच उरली नाही. अशा जिवांचा प्रतिनिधी म्हणून मी इथे एक भुंगेरा घेतो आहे.

शास्त्रज्ञ त्याला सायबिस्टर ट्रायपंक्टेटस म्हणतात. आपण पाणभुंगेरा म्हणू. लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पाठ काळपट हिरवी, ओली असताना तेल लावल्यासारखी चमकणारी. दोन्ही कडांना पिवळी किनार. शरीर इतके गुळगुळीत आणि चपटे की पाण्याला कुठे अडायला जागाच नाही. मागचे दोन पाय रुंद, केसांची झालर असलेले, आणि तो ते दोन्ही एकाच वेळी वल्ह्यासारखे मारतो. दिसायला त्याच्यासारखाच असलेला, पण बहुतांशी कुजक्या पाल्यावर जगणारा दुसऱ्या कुळातला भुंगेरा पाय आळीपाळीने मारतो. खाचराच्या बांधावर उभे राहून एवढ्या एका खुणेवरून दोघांना वेगळे ओळखता येते. त्याला कल्ले नाहीत. दर काही मिनिटांनी तो वर येतो तो डोके खाली आणि शेपटीचे टोक वर अशा अवस्थेत. टोक पाण्याबाहेर निघते, पंखांच्या कडक झाकणांखाली हवेचा साठा भरला जातो आणि तो पुन्हा तळाशी जातो. नराच्या पुढच्या पायांवर चकत्या असतात. मिलनाच्या वेळी मादीच्या निसरड्या पाठीवर पकड मिळवण्यासाठी त्या चिकटवाटीसारखे काम करतात. याच्या कुळात जगभर चार हजारांहून अधिक जाती आहेत, आणि भारतातल्या जातींची शिस्तशीर ओळख आपल्याला आहे ती भारतीय प्राणी सर्वेक्षणातील टी. जी. वझिरानी यांच्या कामामुळे. त्यांनी १९७७ मध्ये आशियाई जातींची सूची प्रसिद्ध केली. आपला पाणभुंगेरा त्या कुळातला मोठा, जोरकस उडणारा आणि फार दूरवर पसरलेला सदस्य आहे. त्याचा जातिसमूह आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो.

त्याचे जीवनचक्र नीट पाहिले तर या प्रकरणातला सगळा युक्तिवाद त्यातच सापडतो. मादी पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून त्यात अंडे घालते; म्हणजे पाण्यात हिरवे, मऊ देठ हवेत. अंड्यातून निघालेली अळी पूर्ण शिकारी. तिचे जबडे कोयत्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ असतात. भक्ष्य पकडले की त्यांतून पाचकरस आत सोडायचा आणि विरघळलेले मांस शोषून घ्यायचे, ही तिची रीत. चतुरांच्या अळ्या, डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले हे तिचे खाद्य. म्हणजे पाण्यात इतर कीटकांची रेलचेल हवी. पावसाळ्यातल्या उबदार पाण्यात ती साधारण तीन-चार आठवड्यांत पूर्ण वाढते, आणि मग अशी गोष्ट करते जी पाणकिड्यांविषयी फारसा विचार न केलेल्या माणसाला चकित करील: ती पाणी सोडून जमिनीवर येते. बांधाच्या कुशीत, ओलसर पण पाण्याखाली नसलेल्या मातीत ती शिरते, स्वतःच्या शरीराने माती दाबून वाटोळी कोठी करते आणि त्या कोठीत कोष होते. पुढे तिथून भुंगेरा निघतो, पुन्हा पाणी गाठतो, आणि भात कापणीला येऊन खाचर सुकू लागले की उडून जातो. मोठा भुंगेरा एका हंगामापुरता नसतो. पाळलेल्या अवस्थेत तो वर्ष उलटूनही जगतो. म्हणजे डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत त्याला कायम पाणी असलेली जागा लागते. कोवळे देठ, विषमुक्त उथळ पाणी, मातीचा बांध आणि उन्हाळ्यात न आटणारा डोह, या चार गोष्टींपैकी तीन शाबूत असल्या आणि चौथी गेली तरी साखळी तुटते. खाचराकडे कृषी खाते बघते, कालव्याकडे पाटबंधारे खाते, ओहोळाची नोंद महसुलाच्या नकाशावर असते आणि डोह कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की पाणभुंगेऱ्याचे रक्षण करणे म्हणजे या चार जागांमधली जोडणी राखणे, आणि ते काम भुंगेरा मुबलक असतानाच करता येते.

मुबलक असतानाच का, याचे उत्तर जपानमध्ये मिळते. हीच जात तिथल्या भातशेतीतही राहते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानी खेड्यांत हा आणि याचे मोठे भाऊबंद इतके होते की काही प्रांतांत लोक ते खात. नंतर पन्नासेक वर्षांत चित्र पालटले. सरकारी योजनेतून खाचरे एकत्र करून मोठी, सपाट, यंत्राला सोयीची केली गेली. मातीचे पाट जाऊन काँक्रीटचे आले, आणि ते खाचराच्या पातळीपेक्षा इतके खोल नेले की पाट आणि खाचर यांच्यातली ये-जा बंद झाली. हंगामाच्या मधोमध शेत कडकडीत सुकवण्याची पद्धत रूढ झाली. खेड्यापाड्यांतले साठवण-तलाव दुर्लक्षित झाले, काहींत अमेरिकेतून आणलेले शिकारी मासे आणि झिंगे सुटले. त्यातच फवारण्या. परिणाम असा की जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या धोक्यातील जातींच्या यादीत आपला पाणभुंगेरा २००७ साली नष्ट होण्याच्या अगदी जवळच्या वर्गात होता. २०१२ च्या यादीत तो ‘असुरक्षित’ या वर्गात आला, कारण पश्चिम जपानमध्ये त्याची संख्या पुन्हा वाढताना दिसली. याच काळात त्याचा मोठा भाऊ, एकेकाळी तिथल्या मुलांच्या सर्वांत परिचयाचा असलेला सायबिस्टर चायनेन्सिस, मात्र उलट्या दिशेने गेला. तोही २०१२ मध्ये ‘असुरक्षित’ वर्गात आला, पण वरच्या पायरीवरून खाली घसरून. दोन्ही गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. उबदार पाण्यात झपाट्याने वाढणारी, लांब उडणारी जात परिस्थिती सुधारली की परतू शकते. आणि तरीही, जिथे भाताची लागवड एक वर्षही थांबली नाही, अशा देशात ती एकदा नाहीशी होण्याच्या टोकापर्यंत गेली होती. भातशेती टिकली म्हणजे भातशेतीतले जीव टिकले, हे समीकरण जपानने खोटे ठरवले आहे.

फवारणीचा मुद्दा इथे जरा विस्ताराने मांडायला हवा, कारण ‘कीटकनाशक थोडेच वापरतो आपण’ हे उत्तर तयार असते. जपानमधल्या शिंजी सरोवराच्या खोऱ्यात १९९३ पासून भातावर निओनिकोटिनॉइड गटातली औषधे वापरली जाऊ लागली. त्या सरोवराच्या मासेमारीच्या आणि जलजीवांच्या जुन्या नोंदी उपलब्ध असल्याने संशोधकांना आधीचे आणि नंतरचे पाणी ताडून पाहता आले. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार वसंत ऋतूतल्या सूक्ष्म प्राणिप्लवकांचे वस्तुमान ८३ टक्क्यांनी घटले आणि वाकासागी या लहान माशाचे वार्षिक उत्पादन २४० टनांवरून २२ टनांवर आले. औषधाने मासा मेला नव्हता. माशाचे अन्न मेले होते. पाणभुंगेऱ्याच्या अळीचे अन्नही असेच मरू शकते: चतुरांच्या आणि इतर किड्यांच्या अळ्या. रोपवाटिकेत दिलेल्या फिप्रोनिलचा तिथल्या लाल चतुरांच्या घटीशी संबंध दाखवणारे अभ्यासही जपानमध्ये झाले आहेत. कोकणात कीटकनाशकांचा वापर देशावरच्या कापूस-द्राक्षांच्या मानाने खरोखरच कमी आहे, हे मान्य. पण इथे औषध पडते ते बहुधा दाणेदार स्वरूपात, उभ्या पाण्यात, खोडकिड्यासाठी. फोरेट हे त्यातले अत्यंत विषारी औषध, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. फिप्रोनिल आणि कारटाप यांचे दाणे मात्र भाताच्या शिफारशींत आहेत. बांध पोखरणाऱ्या खेकड्यांसाठी शिजवलेल्या भातात ॲसिफेट कालवून बिळाशी ठेवतात, तेही त्याच बांधात जिथे अळी कोष होण्यासाठी शिरणार असते. कमी मात्रेने दिलासा मिळतो तो कोरड्या शेतात. एका खाचराचे पाणी दुसऱ्यात उतरत जाणाऱ्या उतारावर एका शेतकऱ्याचे औषध खालच्या दहा जणांच्या पाण्यात जाते.

आता उन्हाळ्याचे पाणी. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी इतका पाऊस पडूनही मार्चनंतर बहुतेक ओहोळ कोरडे पडतात, कारण खडक पाणी धरत नाही आणि उतार ते थांबू देत नाही. कर्जत याला अंशतः अपवाद ठरला तो वीजनिर्मितीमुळे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटाखाली आणून टाटांचे भिवपुरी वीजकेंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. वीज केल्यानंतर सोडलेले हे पाणी पेज नदीत येते आणि त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. त्याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि तालुक्याच्या काही गावांत उन्हाळी भात उभा राहतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांसाठी केलेल्या एका योजनेने, कोणाच्याही मनात नसताना, या पट्ट्यातल्या पाणजीवांना उन्हाळ्याचा आसरा दिला. पण हा आसरा सलग नाही. कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरच्या कशेळे-खांडस पट्ट्यातल्या भुंगेऱ्यांना कोरड्या ओहोळांतले मोजके डोहच आहेत, आणि त्या डोहांवर आता एकाच वेळी अनेकांची नजर आहे. फार्महाऊसच्या हिरवळीला एप्रिल-मे महिन्यांतच पाणी सर्वाधिक लागते. पंप लावून आठवड्याभरात डोह तळाला नेणे अवघड नाही. खाचरांत मुरूम टाकून केलेले भराव आणि तोडलेले बांध डोळ्यांना दिसतात, त्यांच्याविषयी लोक बोलतातही; उपसलेला डोह मात्र पहिल्या पावसात पुन्हा भरतो आणि काही घडलेच नव्हते असा दिसतो. त्यात राहणारे जे होते ते मात्र त्या पावसाबरोबर परत येत नाहीत.

डोह आणि खाचर यांच्या या जोडणीवर फक्त किडेच जगतात असे नाही. पहिल्या जोरदार पावसात नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओहोळातून खाचरांत चढतात. रायगड-ठाण्याच्या गावांत याला वलगण म्हणतात, आणि त्या दोन-चार दिवसांत कातकरी, ठाकूर आणि आगरी-कुणबी घरांतून मासे धरायला सगळे बाहेर पडतात. वलगणीचे मासे ज्या वाटेने चढतात तीच पाणभुंगेऱ्याच्या वस्तीची वाट आहे. ओहोळाच्या तोंडाशी उंच सिमेंटची भिंत आली की मासा अडतो. भुंगेरा उडून पलीकडे जाऊ शकतो, पण पलीकडे त्याला देठही सापडत नाहीत आणि मऊ मातीही. म्हणून पाणभुंगेऱ्यासाठी जे राखायचे ते राखल्याने आदिवासी घरांच्या ताटातला मासाही राखला जातो. हा योगायोग मानू नये. दोघांची गरज एकाच रचनेची आहे.

या मांडणीवर कशेळ्याच्या शेतकऱ्याचा आक्षेप सर्वांत वजनदार असेल. आवणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, तरुण पोरे खोपोली-तळोज्याच्या कारखान्यांत जातात; अशा वेळी चिखल करून, पाणी उभे करून, वाकून रोप लावायची जुनी पद्धत एका किड्यासाठी चालू ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही टळतात. गादीवाफ्यावर थेट बी टोकले जाते. कष्ट वाचतात, जमिनीतले सेंद्रिय कर्ब वाढते, आणि पाणी सतत तुंबून राहात नसल्याने मिथेनही कमी निघतो. हे फायदे खरे आहेत आणि मी त्यांच्या विरोधात उभा नाही. पण एखाद्या गावातली सगळीच खाचरे बिनपाण्याची झाली तर पाणभुंगेऱ्याच्या दृष्टीने तो गाव नकाशावरून गेला, हेही तितकेच खरे आहे. शिवाय या तंत्रात तण मारायला तणनाशकावर भर असतो, ही बाजू दुर्लक्षिता येणार नाही. मार्ग आहे तो सगळ्या शेतात पाणी उभे करण्याचा हट्ट सोडून थोड्या जागी ते हमखास ठेवण्याचा. जपानच्या सादो बेटावर तोकी या करकोच्यासारख्या पक्ष्याला पुन्हा निसर्गात सोडण्याचे काम २००८ मध्ये सुरू झाले, त्याच सुमारास तिथल्या शेतकऱ्यांसाठी तांदळाची एक प्रमाणपत्र योजना आली. अटींमध्ये रसायनांचा वापर निम्म्यावर आणणे होते, आणि पर्यायांमध्ये शेताच्या कडेला एक अरुंद चर खणून त्यात पाणी ठेवणे हेही होते. शेत सुकवले तरी चरातले पाणी राहते आणि पाणकिडे, बेडूक, मासे त्यात तग धरतात. तो तांदूळ चढ्या भावाने विकला जातो. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सादोच्या शेतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कशेळ्याच्या शेतकऱ्याने गादीवाफे केले तरी उताराच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी तसेही साचते आणि पीक कुजते, तिथे हातभर रुंदीचा चर ठेवणे त्याच्या तंत्राच्या आड येत नाही. मिथेनचा आक्षेपही यातून बराचसा सुटतो, कारण प्रश्न चरापुरत्या पाण्याचा उरतो, एकरभर पाण्याचा राहात नाही.

शेतकऱ्याइतकाच मत्स्यबीज उत्पादकाचा आक्षेप खरा आहे. पाणभुंगेरा आणि त्याची अळी माशांची पिल्ले मारतात. म्हणूनच रोहू-कटल्याच्या संगोपन तळ्यांत बीज सोडण्यापूर्वी साबण आणि तेलाचे मिश्रण पाण्यावर पसरतात. पृष्ठभागावर तवंग आला की हवेसाठी वर येणारे किडे गुदमरून मरतात. बंदिस्त संगोपन तळ्यात हे करण्याला माझी हरकत नाही. तिथे पिल्लांची गर्दी माणसानेच केलेली असते आणि शिकाऱ्याला ती आयती मेजवानी ठरते. ओहोळात आणि खाचरात परिस्थिती वेगळी असते. सायबिस्टर प्रजातीतल्या काही जातींवर जपानमध्ये झालेल्या प्रयोगांत अळ्या बेडकांच्या पिल्लांपेक्षा किड्यांवर अधिक चांगल्या वाढल्या. त्यांचा मुख्य आहार किडे हाच आहे. डासांचा मुद्दाही असाच सोडवता येतो. साचलेले पाणी म्हणजे मलेरिया-डेंगी हे समीकरण आरोग्य खात्याच्या भिंतींवर रंगवलेले असते, पण डेंगीचा डास घराजवळच्या टाक्या, टायर आणि कुंड्यांतल्या पाण्यात वाढतो. शिकारी कीटक नांदत असलेल्या जुन्या पाण्यात डासांच्या अळ्यांना सहज वाढता येत नाही. औषधाने आधी शिकारी मेले आणि मग पाणी पुन्हा भरले, तर तिथे सर्वांत आधी डासच पोहोचतात, कारण त्यांची पिढी काही दिवसांची असते आणि पाणभुंगेऱ्याची काही महिन्यांची.

‘मग शेततळी वाढली आहेत, ती पुरतील की,’ असे कोणी म्हणेल. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ पासून राज्यभर गेली, आणि पाण्याचे क्षेत्रफळ त्यातून वाढले हे खरे. पण प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात देठ उगवत नाहीत आणि कडेला माती नसते. मादी अंडी कुठे घालणार आणि अळी कुठे शिरणार? उलट काळे, चकाकणारे प्लॅस्टिक ही फसवणूक ठरते. पाणकीटक उडताना पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या आडव्या ध्रुवित प्रकाशावरून. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की काळे प्लॅस्टिक, डांबर, काच, गाड्यांचे काळे आणि लाल टप हे सगळे त्यांना पाण्याहून अधिक ‘पाणी’ वाटतात. एखाद्या काठाला प्लॅस्टिकवर माती टाकून गवत वाढू दिले, तर तळे वापरातही राहते आणि वस्तीलायकही होते. रिसॉर्टचे रात्रभर जळणारे दिवेही अशीच फसवणूक करतात. जूनच्या तोंडावर काजवे बघायला शहरातून गाड्या भरून लोक या डोंगरांत येतात. काजवा हाही भुंगेराच आहे, त्याची अळीही ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढते. प्रकाश देणाऱ्या भुंगेऱ्यासाठी दिवे बंद ठेवायला तयार असणारा पर्यटक मला आशादायक वाटतो. तीच ओल दुसऱ्या भुंगेऱ्यालाही लागते, एवढेच त्याला सांगायचे राहिले आहे.

कायद्याने काय करता येईल? युरोपने १९९२ च्या अधिवास निर्देशात दोन पाणभुंगेऱ्यांना, डायटिस्कस लॅटिसिमस आणि ग्राफोडेरस बायलिनिएटस यांना, सर्वोच्च संरक्षण दिले. दोन्ही जागतिक लाल यादीतही ‘असुरक्षित’ आहेत. तरी पहिला पश्चिम युरोपातल्या अनेक ठिकाणांहून गेला आणि आता लॅटव्हियात प्रयोगशाळेत त्याची पैदास करून पाहावी लागते आहे. जात नष्ट होत आल्यावर दिलेले संरक्षण महाग आणि अनिश्चित असते, याचा याहून स्वच्छ पुरावा नको. जपानने २०२० मध्ये तिथल्या मोठ्या पाणढेकणाच्या बाबतीत शहाणपणाची वाट काढली: विक्री आणि विक्रीसाठीची पकड बंद, पण मुलांनी पकडून पाळण्यावर बंदी नाही, कारण ओळखच उरली नाही तर जपणार कोण? आपल्याकडे पाणभुंगेरा कोणी विकत नाही. आपल्याला जागेचे संरक्षण हवे आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. याच कायद्याखाली आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या एका लहानशा माशासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये दोन हेक्टरांहून थोडी अधिक जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तो मासा त्या भागापुरता होता म्हणून त्याला मान मिळाला. पाणभुंगेरा दुर्मीळ नाही, म्हणून त्याच्या नावाने वारसास्थळ होणार नाही आणि व्हायलाही नको. पण बारमाही डोहाच्या नावाने नोंद व्हायला काहीच अडचण नाही.

कशेळ्याला अशा कामाची सवय आहे. इथल्याच अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने सह्याद्रीतले भाताचे पारंपरिक वाण गोळा करून, पेरून जिवंत ठेवले. वाण पेटीत ठेवून टिकत नाही, शेतात राहिला तरच टिकतो, हे त्या कामामागचे तत्त्व. कर्जतच्या भात संशोधन केंद्राला शंभर वर्षे झाली आहेत आणि नवे वाण, खते, कीडनियंत्रण यांच्या शिफारशी तिथून निघतात. दाणेदार औषध कधी द्यावे याबरोबर ते पाणी किती दिवस खाली सोडू नये, हेही त्या शिफारशीत ठळकपणे आले तर उतारावरच्या खालच्या खाचरांना लाभ होईल. चर ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला मिळायला हवा, मग तो सादोसारखा तांदळाच्या भावातून येवो किंवा फार्महाऊसवाल्यांकडून घेतलेल्या पाणीपट्टीतून येवो. फुकट जबाबदारी गरिबाच्या गळ्यात बांधण्याला संवर्धन म्हणता येत नाही. आणि ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतले ओहोळ एप्रिलच्या शेवटी व मेमध्ये चालून पाहावेत: कोणत्या डोहात पाणी आहे, किती खोल, काठाला माती आहे की भिंत, पंप कोणाचा लागला आहे. कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या मासे धरणाऱ्यांना हे आजही तोंडपाठ असते. नोंदवहीत त्यांची माहिती त्यांच्या नावाने आली पाहिजे. यादीतल्या डोहांवर मार्च ते जून उपसाबंदी करायची की नुसती तळाची हातभर पातळी राखायची, हे ग्रामसभेने ठरवावे. चालून पाहण्याचे काम पहिल्या पावसाआधीच उरकावे लागते. एकदा पाऊस लागला की सगळीकडेच पाणी दिसते आणि उन्हाळ्यात कोणत्या डोहाने कोणाला तगवले हे ओळखता येत नाही.